दोन बोटं ढिलं

गंगावेशीला, दूध कट्ट्याच्या अलीकडं,
म्हशींच्या साखळ्या ऐकत मी मापं घेते.
सदतीस वर्षं.
वडील म्हणायचे, कुणालाही दोन बोटं ढिलं शिव,
माणूस जेवतो, माणूस हुंदका देतो.
गातो, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

मला गाणं येत नाही.
गाणारी माणसं मात्र बरगडीपासून ठाऊक आहेत.

शाहीर मेंगाणे उभेच.
खुर्ची दिली तर तिच्यावर डफ ठेवतात.
डावा पाय पुढं, टाच रुतलेली,
समोर लाल माती असल्यागत.
श्वास घ्या म्हटलं तर छाती हलत नाही,
कमरेच्या शेल्यावर पोट धडकतं.
झीलकरी जी जी करतात
तेवढ्यात यांचा दम भरून होतो,
वाटेवरच्या नळाला ओंजळ लावावी तसा.
काखेत कळी जास्तीची घालते.
हात वर गेला आणि शिवण उसवली
तर गड तिथंच पडतो, म्हणतात.

विमलाक्का हुपरीकर बसून माप देतात.
मी हसले होते.
'अगं, उभी राहून मी गातच नाही.'
चटईवर मांडी, मान मोकळी,
जबडा सुटलेला, कपाळावर आठी नाही.
त्यांनी आकार लावला
आणि टेप माझ्या बोटांतून सरकत गेली
मागं, बरगड्यांच्या खाली,
जिथं मी कधी कुणाचं माप घेतलं नव्हतं.
वहीत लिहिलं : पाठ, चार बोटं. गिऱ्हाईक वेडं.
रात्री 'वेडं' खोडलं.

मैनाबाई वाठारकरांना ढिलं चालत नाही.
एक गुडघा उभा, गुडघ्यावर कोपर,
कोपरावर अख्खी ओळ तोललेली.
आवाज नाकामागून बारीक काढतात,
ढोलकीच्या डोक्यावरून जावा म्हणून.
कासोटा आवळलेला, चोळीची गाठ आवळलेली.
विचारलं, श्वास ठेवता कुठं?
'पेटीवाल्याकडनं उसना आणते गं,
आणि परत देत न्हाई.'

नाताळाआधी एस्तेरबाई सातवेकरांचे अठरा झगे.
अठरा अंगं, पण दिसायला एकच कापड.
दुकानातच त्या पोरांना उभं करतात :
गुडघ्यांना कुलूप नको, खांदे खाली,
श्वास कुणाचा दिसता कामा नये.
एकानं सोडली जागा की दुसऱ्यानं धरायची.
विटा रचतात तसं,
सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.
एक बारका त्यातही जांभई देतो.
त्याचा झगा मी दरवर्षी इंचभर वाढवते.

आणि बिरू वाघमोडे, पट्टणकोडोलीचा,
फाटकी बंडी घेऊन आलेला.
ओवी म्हणताना कानावर हात का रे?
'ढोलाच्या दणक्यात
माझा मलाच गावाय नको व्हय?'
माप देईना.
'बापाचं असंल की वहीत. त्यातच शिव.'
होतं.
बसलं.

परवा रेहानानं, माझ्याकडं शिकते ती मुजावरांची,
माझंच माप घेतलं.
'मावशी, श्वास घ्या.'
घेतला. खांदे तेवढे वर गेले.
टेप जागची हलली नाही.
'घ्या की.'
घेतलाय गं.

मग ध्यानात आलं,
सुईत दोरा ओवताना मी दम धरते.
दिवसातून शंभरदा धरते.
सोडायचं बहुतेक राहूनच गेलं.

मशीन बंद होतं. बाहेर कुणी चरवी विसळत होतं.
तिनं हात माझ्या पाठीवर ठेवला, खाली,
बरगड्या संपतात तिथं,
आणि थांबली.
काहीतरी हललं. सुताएवढं.

'दोन बोटं ढिलं ठेवू?'
म्हटलं, पुढं दोन. पाठीला चार ठेव.

तिनं वहीत लिहिलं.
त्यापुढं अजून काहीतरी लिहिलं,
ते मी वाचलं नाही.