चुकलेलं स्पेलिंग

उदगीर, देगलूर रोड. खाली रऊफभाईंचं मोटार रिवाइंडिंग,
वर माझी खोली.
आवृत्ती पाचची यादी करतोय,
काय ठेवायचं, काय काढायचं.

पहिलंच नाव ते: रिसीव्ह.
त्यातले ई आणि आय उलटे पडलेत,
अकरा वर्षांपूर्वी, विश्वंभर टेकाळेच्या हातून,
लाइट येऊन-जाऊन होती त्या रात्री.
विश्वंभर आता यातलं काही करत नाही.
फोन केला तर हसतो. म्हणतो, काढ की!

दर दोन-तीन महिन्यांनी कुणी नवं पोरगं
ती दोन अक्षरं सुलटी करून पाठवतं.
मी आभार मानतो.
घेत नाही.

किनवटला एक रक्तपेढी आहे.
तिथला प्रोग्राम लिहिणारा पासवर्डासकट निघून गेला,
प्रोग्राम मात्र दर रविवारी
आमचं ताजं आपोआप ओढून घेतो
आणि सोमवारी त्याच उलट्या नावानं हाक मारतो.
आत्राम सिस्टर म्हणाल्या,
आतलं मला काय कळतंय सर,
सकाळी पिशव्यांचा आकडा दिसला की झालं.

म्हणून बरोबर स्पेलिंगचं एक नवं दार काढलं,
ते आतून जुन्याच खोलीत उघडतं.
आणि एक चाचणी लिहिली:
चूक जशीच्या तशी आहे ना?

हिरवं आलं.
खालून तांब्याच्या तारेचा करकर आवाज,
कंपनी बंद पडलेली कुठलीतरी मोटार
रऊफभाई पुन्हा भरतायत.
यादीत अजून एक्केचाळीस नावं आहेत.