शक्यता साठ टक्के

जेवणाच्या टेबलावर सध्या जेवायला जागा नाही.
सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं, मिलिंदचं रजेचं पत्र,
बाबांचं पेन्शनचं पुस्तक, पाच पासपोर्ट,
आणि पाण्याच्या ग्लासाखाली दाबलेला नॉर्वेचा नकाशा.
ट्रॉम्सो नेमकं त्या ओल्या गोलात सापडलंय.

अरोरा बघायला जायचंय, म्हटलं,
तर आई म्हणाली, तिसऱ्या मजल्यावरचे?
ते तर रोज भेटतात लिफ्टमध्ये.
मग तिला व्हिडिओ दाखवला.
चष्मा पुसत तिने तो दोनदा बघितला.
कुणीतरी रात्रीची साडी वाळत घातलीय, म्हणाली,
काठ काही नीट दिसत नाही.

खरं तर हे खूळ बाबांचं.
चौतीस वर्षं बेस्टमध्ये, रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात,
कुलाब्यापासून माहीमपर्यंत शिडीवर.
कुठल्या वळणावर सोडियमचा पिवळा संपायचा
आणि मर्क्युरीचा निळसर लागायचा,
झोपेतून उठवलं तरी सांगतील.
एका बल्ब कंपनीच्या कॅलेंडरात
डिसेंबरच्या पानावर तो हिरवा उजेड होता.
वर्ष संपलं, पान राहिलं,
आधी लॉकरच्या दाराला, मग पासबुकाच्या कव्हरात.
आम्हाला ते सापडलं आत्ता,
उजव्या डोळ्यात मधोमध डाग आहे,
तो वाढेल, डावाही सांभाळा,
असं डॉक्टर म्हणाले त्याच आठवड्यात.

तेव्हापासून घाई आहे.
घाई हा शब्द कुणी वापरत नाही.
आम्ही म्हणतो, पुढच्या वर्षी नको,
पुढच्या वर्षी कबीरची दहावी.

विमलमावशीच्या शेजाऱ्यांनी
शिमल्याला नेलेली जॅकेटं दिली.
एकाच्या खिशात सुपारीचं खांड निघालं.
रविवारी दुपारी एसी सोळावर ठेवून
पाचही जणांनी ती घालून सराव केला,
पलंगावर ओळीने, मुकाट,
दवाखान्यात नंबर लागायची वाट बघितल्यासारखे.
बाहेर बत्तीस. तिथे उणे अठरा.
कबीरने वजाबाकी केली : अजून चौतीस अंश खाली जायचंय.
बाबा म्हणाले, माझ्या सर्व्हिसइतकेच की.

दादरच्या टूर ऑफिसात अट क्रमांक अकरा
त्यांनी भिंग लावून वाचली :
प्रकाश दिसण्याची हमी नाही. शक्यता साठ टक्के.
बाबा तापले.
आमचा एक खांब बंद पडला
तर रात्री दहाला फोन यायचा,
सकाळी सही करून द्यावं लागायचं, दिवा चालू आहे म्हणून.
तुम्ही इतके पैसे घेऊन साठ टक्के?
बरं, तक्रार कुणाकडे करायची?
काउंटरवरची मुलगी हसली, सूर्याकडे, काका.
हे मात्र त्यांना पटलं.
बरोबर, म्हणाले, सप्लाय तिथूनच आहे.
आणि चेकवर सही केली,
रेघेच्या जरा वर.

काल रात्री दोनला पाणी प्यायला उठले,
तर बाबा गॅलरीत, अंगात ते शिमल्याचं जॅकेट,
तळहाताने डावा डोळा झाकलेला.
टिळकनगरची गल्ली झोपलेली,
कोपऱ्यावरचा एक दिवा तेवढा लुकलुकत होता.
चोक गेलाय, म्हणाले. आपला नाही तो. आपली हद्द शीवला संपते.
तुम्हाला दिसला?
समोर बघितलं तर नाही दिसत.
मान जरा वळवली की कडेने येतो.
मधलं गेलं तरी कड राहते, डॉक्टर बोलले ना.

मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
खाली वॉचमनच्या रेडिओत खरखर.
ते आकाशभर असतं ना गं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत?
हो, म्हटलं. दिसलं तर.
दिसलं तर, ते म्हणाले,
कडेने बघू.

जॅकेटात घामाने निथळत होते.
चेन अर्ध्यात अडकली होती.
आम्ही दोघांनी मिळून, आईला न उठवता,
साबणाची वडी घासून घासून ती सोडवली.