इतिवृत्तात न आलेलं

उपस्थिती नऊ. इतिवृत्तात एवढंच लिहिलंय मी,
आणि खाली तारीख.
भुसावळच्या उन्हाबद्दल इतिवृत्तात कुणी लिहीत नाही.
रेल्वेच्या शाळेची मागची खोली,
पंखा गरम हवा इकडून तिकडं ढकलणारा,
टेबलावर पसरलेले काडेपेट्यांचे छाप:
वाघ, विमान, कुलूप, दोन मेंढ्यांची टक्कर,
पाण्यात भिजवून, हलकेच सोलून, वहीत दाबून वाळवलेले.

विषय क्रमांक एक. मंडळाची स्वतंत्र वेबसाइट असावी काय.
'काय' माझं. हर्षालीनं 'असावीच' म्हटलं होतं.

सध्या आम्ही जळगावच्या नाणेवाल्यांकडे राहतो,
त्यांच्या वेबसाइटवर, डावीकडे, सगळ्यात खाली.
'इतर छंद' असं दार आहे, ते ढकललं की
आधी बाटल्यांची बुचं, मग आम्ही,
आमच्यानंतर कुणी नाही.
हर्षाली वाघुळदे, वय एकवीस, पॉलिटेक्निकची,
म्हणाली, काका, इतर म्हणजे कोण हो?

ढाके छत्तीस वर्षं लोको शेडला होते,
अजून इंजिनाच्या वर आवाज काढून बोलतात.
नावाचं भाडं दरसाल. जागेचं भाडं दरसाल.
आपण सारे साठीच्या पल्याड,
ही पोरगी उद्या पुण्याला गेली
त किल्ली कोनाजोय राहीन, भो?
हर्षालीनं विमान उलटं करून पाहिलं.
मागं जुन्या गोंदाचा डाग होता.

वेगळी चूल मांडायला सोपी, झोपेबाई म्हणाल्या,
मी मांडली होती सत्त्याऐंशी साली, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत.
मीठसुद्धा आपलं आपण आणावं लागतं
हे पहिल्या रात्री वाढायला बसल्यावर कळलं.
मग थोडं थांबून:
पण माझी भाकरी फुगली ती तिथंच.
हे कुठल्या बाजूचं धरायचं ते मला कळेना.
लिहिलं नाही.

मुश्ताक तडवी यावलहून एसटीनं येतात, बोलत नाहीत फारसे.
पिशवीतून त्यांनी एक पोस्टकार्ड काढलं.
शहाद्याच्या कुणी शेवंताबाई गिरासे,
आजोबांचा चांदीचा रुपया शोधत नाणेवाल्यांकडे गेल्या,
बोट घसरलं, खाली आल्या,
आणि समोर त्यांच्या आईच्या कोनाड्यातली काडेपेटी,
तीच, हरणाची,
एक शिंग छापताना राहून गेलेलं.
'चुकून आले,' त्यांनी लिहिलं होतं, 'पण बराच वेळ बसले.'
तडवी म्हणाले, आपलं घर निराळं केलं
तर चुकून कोण येणार?

आणि चुकून सापडावं म्हणून, हर्षाली म्हणाली,
आपण जन्मभर इतरमध्ये राहायचं?

तेवढ्यात लाइट गेली, पंखा थांबला,
म्हणून कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही.

हात वर. चार. हात वर. चार.
समसमान झाल्यास चिटणिसाचं मत निर्णायक,
हे घटनेतलं कलम मीच टाइप केलं होतं कधीतरी,
लागणार नाही अशा खात्रीनं.
विषय पुढील सभेवर, मी लिहिलं.
मग चहा, केळीचे वेफर्स.
हर्षालीनं वेफर्स घेतले नाहीत.

रात्री पुन्हा लाइट गेली.
लायटर नुसताच टकटक करत होता,
बायको म्हणाली, काडेपेटी आणा.
साडेचार हजार छाप आहेत आमच्या कपाटात,
शिवाकाशीचे, स्वीडनचे, एक तर युद्धाच्या सालातला.
देवघर पाहिलं, फळी पाहिली, खुंटीवरच्या शर्टाचे खिसे.
काडी एक नाही.
'तुमचं मंडळ,' ती अंधारातून म्हणाली, पुढं काही नाही.

शेजारच्या फेगड्यांकडून अर्धी पेटी मागून आणली.
मेणबत्ती लागली. चूल, म्हणजे शेगडी, लागली.
पेटी परत द्यायला निघालो
तर मोबाइलच्या उजेडात छाप दिसला:
कंदील धरलेला हात, कडेला निळी वेल.
आमच्यापैकी कुणाकडेच नाही हा.

त्यांचा उंबरा चार पावलांवर, माझा तेवढाच मागे.
मधे मी, हातात त्यांची पेटी,
बराच वेळ.