करकरीत

लेबल मराठीत करून दे, म्हणाली हेस्टर टिकनर,
गुरुवारी नाशिकचे चार द्राक्षबागायतदार येणार होते.
मी आम्ल मोजणारी बाई.
ब्युरेटमधून थेंब, थेंब, गुलाबी झालं की थांबायचं.
शब्दांत कुठे थांबायचं ते मला कोणी शिकवलं नाही.

तरी बसले, सीफर्डच्या वरच्या अंगाला,
उतारावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
आणि पहिल्याच शब्दाला अडले.
क्रिस्प.

कुरकुरीत? ती चकली.
खुसखुशीत? करंजी, फार तर विनोद.
ताजीतवानी म्हणावं तर साबणाची जाहिरात,
आणि आंबट म्हटलं
तर पाहुणे घोट घ्यायच्या आधीच एक डोळा मिटतील.

शब्द सोडला, बाहेर गेले.

इथे जमीन म्हणजे वीतभर माती, खाली सगळा खडू.
फळ्यावरचाच भाऊबंद. बुटांना लागून घरी येतो,
जिन्यावर पांढरे अर्धे पाय उमटवतो.
मधेमधे काळ्या गारगोट्या, नांगराचे दात पाडणाऱ्या.
पाऊस पडतो तो खडू पिऊन बसतो,
वेलींना देतो, पण हात आखडून.

समुद्र दोन मैलांवर. दिसत नाही.
दुपारी चारला पानांची पाठ दिसू लागली
की समजायचं, आला.
ओठांवरून जीभ फिरवावी, मीठ.

हेस्टरचे वडील इथे मेंढ्या चारत.
वेली लावल्या तेव्हा म्हातारा म्हणाला होता,
द्राक्षं? आणि ऊन काय टपालाने मागवणार?

ऊन खरंच बेताचं.
म्हणून हे द्राक्ष घाई करत नाही.
सप्टेंबर सरत आला तरी कडक, हिरवं,
कोणाशी न बोलणारं.
मी दाबून पाहते, चाखते, वहीत लिहिते: अजून नाही.

गेल्या एप्रिलात एका रात्री पारा उणे तीन.
दोनला फोन. गाऊनवर कोट चढवून पळाले.
हेस्टर, दोरीना, दोरीनाचा भाऊ आणि मी
रांगारांगांतून मेणाचे डबे पेटवत.
काडेपेटी दमट, बोटं लाकडाची.
चारच्या सुमारास उतारभर उजेडाच्या ओळी;
लांबून कोणी पाहिलं असतं तर सण वाटला असता.
आमच्या नाकांत काजळी होती आणि कोणी बोलत नव्हतं.

खालच्या सात रांगा गेल्या.
सकाळी कोंब उकडलेल्या पालकासारखे.
हेस्टर त्यांच्यापाशी बराच वेळ उभी राहिली,
मग म्हणाली, चहा.

उरलेल्या रांगांची ही बाटली.

उघडली. प्रयोगशाळेतलाच पेला घेतला, तीनदा धुतलेला.
रंग जवळजवळ नाहीच,
वाळल्या गवताशी तोंडओळख असावी इतपत.
वास रायआवळ्याचा, सुरीवरच्या सफरचंदाचा.
पहिला घोट,
आणि दातांच्या मुळांशी एक रेघ:
नव्या फळ्यावर नव्या खडूने ओढलेली,
सरळ, थंड, शेवटाला किंचित कर्र.

कर्र.

करकरीत!
बँकेतून आणलेली नोट, तशी.
आणि करकरीत तिन्हीसांज,
जेव्हा उंबऱ्यावर बसू नये म्हणतात,
शिंकू नये, कोणाला उसनं मीठ देऊ नये.
घड्याळात आठ वाजून दहा. दिवस गेलेला,
रात्रीने अजून सही केलेली नाही,
आणि मी शेडच्या उंबऱ्यावरच बसलेली, पेला घेऊन,
वाऱ्याकडून उसनं मीठ घेत.

लिहून टाकलं: समुद्रकाठची करकरीत पांढरी वाइन.
खाली, सवयीने, आम्लाचा आकडा.

हेस्टरने विचारलं, कसं म्हणायचं हे?
सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं,
तिचे दोन्ही र वाटेतच विरघळले.
म्हटलं, असं नाही.
दात लागू दे त्याला.