आधीची रेघ

तार्तूत फेब्रुवारी. नऊ वाजले तरी
खिडकीत दिवसाचा पत्ता नाही.
टानेल उर्वेच्या डोक्यावर तारांची टोपी चढवतो,
केसांत गार जेल सोडतो, ओशाळून म्हणतो,
"नंतर दोनदा धुवावे लागतील, आजी."
ती बासष्टची. आजी कुणाचीच नाही.

काम सोपं. वाटेल तेव्हा बटण दाबायचं,
आणि वाटलं तेव्हा
घड्याळातला ठिपका कुठे होता, ते सांगायचं.

आता नाही.
आता नाही.
आत्ता.
असं चाळीस वेळा.

मग तो पडद्यावर बोट ठेवतो:
इथे तुम्ही दाबलंत,
त्याच्या जरा आधी तुम्हाला वाटलं,
आणि रेघ बघा, केव्हाची चढायला लागलीय.
"म्हणजे मी वरातीमागचं घोडं," उर्वे हसते.
तो घाईने सांगतो, यावर वाद आहेत,
ही सगळ्यांची सरासरी,
एकेकटी रेघ म्हणजे नुसता गोंधळ असतो.

गोठलेल्या नदीवरच्या पुलावर तिला गुरुवार आठवतो.
सूप निवत होतं. कालयो रेडिओची कळ फिरवत होता.
तिने चमचा ठेवला आणि म्हणाली, मी जाते.
अकरा वर्षं ती हेच सांगत आलीय:
त्या चमच्यापाशी ठरवलं, मी, एकटीने.

पण हिवाळी बूट तर ऑक्टोबरातच
बहिणीकडे राहिले होते, विसरून.
आणि बाजारातली लैने न विचारता
काळा पाव अर्धाच कापायला लागली होती.
तिला कुणी सांगितलं होतं?

उर्वेच्या भाषेतही "मला वाटलं" असंच म्हणतात.
वाटणारं येतं कुठून तरी,
आपण दार उघडणारे,
आणि पाहुण्याला म्हणतो, मीच बोलावलं.

लैने अजून तिथेच आहे. बोटं जाडावलीत.
सुरी सवयीने पावाच्या मध्यावर.
"अख्खा दे," उर्वे म्हणते,
आणि दोघी जरा थबकतात
कोण बोललं ते बघायला.

अख्खा पाव एकटीला चार दिवस पुरेल.
घरी ती केस एकदाच धुते.
जेल थोडं राहतंच, कानामागे.