छप्पन्न दाणे

सिक्स्टा कोंदोरी म्हणाली, हात मागे बांध.
आधी नुसतं बघ.

बाकावर सात मुलं.
कान धरून किंचाळणारा लिंबर,
त्याच्या रडण्याने खिडकीची काच थरथरते;
बोटांच्या बेचक्या खाजवून लाल केलेल्या दोघी बहिणी;
जुलाबाने डोळे खोल गेलेला, पण पेला दिसताच
त्याच्यावर तुटून पडणारा एक.
मी लिंबरकडे धावले.
तिने माझी बाही धरली:
ओरडणाऱ्याकडे निदान ओरडण्यापुरती हवा आहे.
गप्प कोण आहे, ते शोध.

गप्प होती वारा.
त्यांच्या आयमारात वारा म्हणजे तारा.
दाराजवळ, आईच्या पाठीवरच्या रंगीत झोळीत,
चौदा महिन्यांची,
डोळे उघडे आणि कशावरच नाहीत.

मी खालच्या गरम मुलखातली, सांताक्रूसची.
इथे चार पायऱ्या चढले तरी काळीज गळ्याशी येतं.
वाराच्या अंगठ्याला चिमटा लावला, आकडा आला ऐंशी,
आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.
सिक्स्टाने तोच चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याऐंशी.
तुझं पुस्तक कुणीतरी समुद्राकाठी बसून लिहिलंय.
इथे शंभरातले बारा डोंगर ठेवून घेतो.
पण हिचे आणखी आठ गेलेत.
ते कुठे गेले, ते बघू.

कपडे उतरवायला आई तयार नव्हती.
उघड्या छातीतून थंडी आत शिरते, ती म्हणे,
आणि या पठारावर तिला खोटं कोण पाडणार?
सिक्स्टाने किटलीवर तळवे शेकले,
आधी आईच्या गालाला लावून दाखवले,
मग एकेक पापुद्रा: शाल, लोकरी स्वेटर,
आणखी एक स्वेटर, मोठ्या भावाचा सदरा.
कांदा सोलावा तसं सोलत गेलो
आणि मध्ये सापडली ती छाती,
दर श्वासाला फासळ्यांखाली आत ओढली जाणारी,
जसं कुणी आतून चादर खेचतंय.

घड्याळ. पूर्ण मिनिट.
अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही,
लहान मुलं श्वासातही अडखळतात.
सत्तावन्न, मी म्हणाले.

तेव्हा आईने शालीच्या टोकाची गाठ सोडली.
टेबलावर हाबाचे वाळके दाणे.
मागच्या थंडीत सिक्स्टानेच गावात शिकवलं होतं:
फोनवरचा मिनिटाचा आकडा बदलेपर्यंत
एका श्वासाला एक दाणा.
पहाटे तीनला मोजले होते तिने, चुलीच्या उजेडात,
आणि मग चालायला लागली होती.
मी मोजले. छप्पन्न.
माझ्या वहीत रकाना असतो, आईची तक्रार.
त्यात मी मघाशी खोकला लिहिलं होतं.
खोडलं.

नाकाशी नळी. वजन आठ किलो शंभर,
त्यावरून औषध, मोठ्याने म्हणून, दोनदा ताडून.
शहराची रुग्णगाडी पाऊण तासावर.
लिंबर अजून किंचाळतोय; किंचाळू दे बापडा.
चिमट्यावर त्र्याऐंशी. पुन्हा ब्याऐंशी. मग सत्त्याऐंशी.
वाराने भुवया आखडल्या, ओठ वाकडा केला
आणि रडली, मांजराच्या पिल्लाएवढं.
सिक्स्टा खुर्चीत बसली, सकाळपासून पहिल्यांदा.

गाडीत चढता चढता आई परत फिरली.
टेबलावरचे दाणे वेचून पुन्हा गाठ मारू लागली.
मी म्हटलं, तिथे यंत्र आहे,
मोजायची गरज नाही पडणार.
ती माझ्याकडे बघत राहिली,
शहाण्या मुलीला एवढंही कळू नये, अशी.
बियाणं आहे हे, म्हणाली.