डावा समास

आहिरराव बाईंनी फळ्यावर लिहिलं:
आपल्या गावातली एक घटना. पंधराशे शब्द.
किमान पाच संदर्भ,
मोबाइलमधला एकही नको.
मी पूर घेतला. नाशकात पूर मोजायला पट्टी लागत नाही,
दुतोंड्या मारुती पुरतो.
घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला,
पुलावर उभं राहून अर्धं शहर एवढंच बोलतं.
मला वाटलं, सोपं आहे.

जानेवारी. वाचनालयाची फरशी
मोज्यांतूनही चावत होती.
गायधनी काका कानटोपीतून म्हणाले,
"संदर्भ विभाग वर. पिशवी खाली. शाईचं पेन नको."
कॉम्प्युटरवर 'पूर' टाकलं तर
कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, नूपुर,
एकशे बारा नोंदी.
ते हसले नाहीत. लाकडी खण ओढला,
कार्डांवरून बोट चालवत राहिले,
भाजीवाली जुडीतून पानं निवडते तसं.
"पूर नको शोधूस. गोदावरी शोध. घाट शोध. नगरपालिका शोध.
तू त्याला काय म्हणतेस,
ते पुस्तकाला कसं कळणार?"

जुन्या वर्तमानपत्रांचा बांधीव गठ्ठा
आम्ही दोघांनी धरून टेबलावर ठेवला.
पान उलटलं की कड भुशासारखी गळायची,
माझ्या स्वेटरवर, वहीवर, डब्याच्या झाकणावर.
पुराच्या बातमीशेजारी साबणाची जाहिरात,
सिनेमाच्या वेळा,
आणि हरवलेली म्हैस, उजवं शिंग मोडकं,
आणून देणाऱ्यास योग्य इनाम.
म्हशीपाशी मी वीस मिनिटं अडकले.
सापडली का, ते पुढच्या महिन्याच्या अंकांतही नाही.

एक पत्र म्हणतं, पाणी मारुतीच्या छातीला.
दुसरं म्हणतं, गळ्याला.
सरकारी अहवाल फुटांत बोलतो,
त्यात मारुतीच नाही.
"कुठलं खरं?"
"तिन्ही लिही," काका म्हणाले,
"आणि कुठे पाहिलंस तेही लिही. खरं-खोटं नंतर."

चौथा संदर्भ एका मंडळाची स्मरणिका.
पान एक्केचाळीस: घाटावरील सर्वांना
वेळीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले.
आणि शेजारी, डाव्या समासात,
पेन्सिलीनं, मागे झुकलेल्या अक्षरांत:
सर्वांना नाही. भांड्यांच्या दुकानामागे आम्ही चौघी होतो. दोन रात्री.

नाव नाही. तारीख नाही.
पुस्तक बाहेर न देण्याचं,
म्हणजे कोणीतरी इथेच बसून लिहिलं,
कदाचित याच खुर्चीत, जिचा एक पाय आखूड आहे.

काकांना दाखवलं.
खोडरबर त्यांच्या वरच्या खिशात असतोच.
काढला. चष्मा कपाळावर नेऊन ओळ वाचली.
पुन्हा वाचली.
खोडरबर खिशात गेला.
"झेरॉक्समध्ये पेन्सिल उमटत नाही," एवढंच म्हणाले,
"हातानं उतरवून घे."

निबंध नऊशे चाळीस शब्दांवर थांबलाय.
संदर्भसूची मात्र पूर्ण झाली.
लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष,
सगळं स्वल्पविरामांसकट नीट,
आणि पाचवा:
अज्ञात. पेन्सिल. पृ. ४१, डावा समास.
कच्च्या प्रतीवर बाईंनी लाल शाईत विचारलंय,
हा ग्राह्य कसा?
उत्तर अजून लिहिलेलं नाही.

काल परत जाताना भांडी बाजारात उतरले.
दुकानांच्या पाठीमागे एक बोळ आहे,
हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात.
मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.
एक. मग थोडी सरकून, दोन.
तिसरीला जागा आहे का बघत होते,
तेवढ्यात मागच्या दारातून एक माणूस डोकावला.
"काय पाहिजे?"
"काही नाही. संदर्भ बघतेय."
त्यानं घमेलं बाजूला सरकवलं.
"पुढून या. तांब्याचे आहेत, पितळेचेही."